तिसऱ्या बोयाशी मऊ पडणारा मास्ट

माझा नवराच माझा मास्ट मऊ करतोय, अशी माझी खात्री पटली तेव्हा मी देवबागच्या समुद्रात गटांगळ्या खात होते. नाकातोंडात खारं पाणी गेलं होतं. डोकं वर काढलं तर गौरांग किनाऱ्यावर उभा, एका हातात टॅब्लेट, दुसरा हात हलवून विचारतोय, लागलं का म्हणून. मी मनात म्हटलं, विचारतोय कसा बघा, साळसूदपणे!

मी मुळात संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. बाजारात बांगडे घेताना मी कल्ले उचलून बघते, आणि लाल दिसले तर रंग लावलाय का म्हणून विचारते. कोळणी मला लांबून ओळखतात. पण संशयी माणसाला कोणी फसवत नाही, असं थोडंच आहे?

फॉइलबोर्ड तुम्ही लांबून पाहिला असेल. मालवणहून मुंबईला जाणाऱ्या जलद बोटी आता फॉइलवरच धावतात. हा त्यांचाच एका माणसापुरता धाकटा भाऊ. माणूस उभा राहील एवढी फळी. फळीच्या पोटातून सरळ खाली उतरलेला चपटा दांडा, तो मास्ट. मास्टच्या तळाशी विमानासारखे छोटे पंख. हातातल्या शिडात वारा भरला, वेग आला, की ते पंख पाणी खाली रेटतात आणि फळी वर उचलली जाते. मग पाण्यात उरतात फक्त पंख आणि थोडा मास्ट. बघणाऱ्याला वाटतं बाई हवेत उभी आहे. बाईला मात्र सगळं त्या दांड्यातून कळतं. पायाचा हुकूम त्यातून खाली जातो आणि पाण्याचं उत्तर त्यातूनच वर येतं.

मास्ट आखूड असला तर लाट आली की फळीचं पोट पाण्याला घासतं. वळताना जास्त कललात तर पंखाचं टोक बाहेर येतं, खाली हवा शिरते आणि तुम्ही धप्पकन आपटता. लांब मास्ट लाटांच्या वरून नेतो, हवं तेवढं कलू देतो. पण लांबी फुकट मिळत नाही. एका टोकाला पकडलेला दांडा लांबीच्या घनाच्या हिशेबाने वाकतो. लांबी सव्वापट केली की वाकणं जवळजवळ दुप्पट होतं. वर तो पिळलाही जातो. तुम्ही पाय वळवता आणि तळाचा पंख किंचित उशिरा वळतो. भर वेगात तेवढा उशीर पुरतो. म्हणून लांब मास्ट कडक हवा. आता कडक मास्टची खोड अशी, की तो तुमची हुशारी जशी खाली पोचवतो तसाच मूर्खपणाही पोचवतो. मऊ मास्ट लहानसहान चुका पोटात घालतो, पण वेग वाढला की थरथरायला लागतो.

हे भांडण पुण्याच्या रेणुका अभ्यंकरने मिटवलं. तिच्या मास्टमध्ये कार्बनचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवलेत. पत्त्यांचा कॅट सैल धरला तर वाकतो आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबला तर लाकडासारखा होतो, तसंच. पापुद्र्यांमध्ये विजेचा दाब दिला की ते एकमेकांना चिकटतात, मास्ट कडक. दाब काढला की एकमेकांवरून सरकतात, मास्ट मऊ. केव्हा काय व्हायचं ते मास्ट स्वतः ठरवतो. पायाखालच्या गादीत दाब मोजणारी जाळी असते, आणि हजारो खेळाडूंच्या फेऱ्यांवरून तो शिकून आलेला असतो. सरावाच्या वेळी मात्र किनाऱ्यावरून टॅब्लेटनेही त्याला हुकूम देता येतो. शर्यतीत तो रस्ता सील करतात.

आणि टॅब्लेट कोणाच्या हातात? गौरांगच्या.

एके काळी पाण्यावर तो असायचा. गौरांग केळुसकर फळीवर उभा राहिला की भोगव्यापासून तारकर्लीपर्यंत लोक हातातलं काम टाकून बघत. मी मागून सुटका-बोट चालवायचे. आमची ओळखही त्यातूनच झाली. मग एका शर्यतीत त्याचा जुना ॲल्युमिनियमचा मास्ट भर वेगात तुटला आणि खालच्या पंखाने त्याची नडगी चिरली. हाडात सळई घालावी लागली. बरा झाल्यावर एक दिवस त्याने फळी माझ्यासमोर टाकली आणि म्हणाला, “आता तू चढ.” मी चढले. जिंकायलाही लागले. त्याच्या जागी मी उभी आहे, हे गावात कोणी बोलत नव्हतं, पण विसरतही नव्हतं.

यंदा निवड शर्यत देवबागलाच होती. पहिल्या दोघींना देशाच्या संघात जागा. मला आखूड मास्टची सवय. गौरांगनेच हट्ट धरला, लांब घे, खाडीच्या तोंडाशी लाटा उसळतात, आखूड मास्ट तिथे चालायचा नाही. म्हणणं बरोबर होतं. मी नवा लांब मास्ट लावला आणि आठवडाभर अशी उडाले, की मलाच माझा हेवा वाटावा.

मग आयेने कौल लावला.

आये म्हणजे माझी सासू. रवळनाथाच्या देवळात गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो आणि डावी पडली तर नाही, ही रीत आमच्याकडे अजून चालते. गावात आता विजेची नौका आली, समुद्रात तरंगत हवामान सांगणारे बोये आले, पण हापूसला मोहोर धरेल का हे अजून रवळनाथालाच विचारतात.

“तुझ्यासाठी कौल लावलंय आज,” आये बांगडे साफ करता करता म्हणाली.

“माझ्यासाठी? काय इचारलंस?”

“इचारलंय, आमचा चेडू लांब दांड्यार चढता, तेका घरचा बळ आसा मां?”

“मगे?”

“डावो दिल्यान.” तिने विळीवरून मान वर केली नाही. “देव खोटा सांगूचो नाय. घरातलाच कोण तरी आड येता. मी नाय, येवढा सांगतंय.”

मी हसले. म्हटलं, आये, पाकळी वाळली की पडते, त्यात देवाला कशाला ओढतेस? पण आमच्या घरात माणसं तीन. आये नाही म्हणते. मी माझ्याच आड कशी येणार? उरला कोण, हे सांगायला रवळनाथ कशाला हवा?

दुसऱ्या दिवशी दुपारी खारे वारे सुटल्यावर मी सरावाला उतरले. आमची फेरी तीन बोयांची. पहिला निवतीच्या दिशेला खोल पाण्यात, दुसरा खाडीच्या तोंडाशी, आणि तिसऱ्याला वळसा घातला की थेट किनाऱ्याकडे तोंड. पहिले दोन झकास झाले. तिसऱ्याला वळले आणि मास्ट पायाखालून नाहीसाच झाला म्हणा ना. कडक दांड्याचा एकदम ओला सुंभ. पंख थरथरला, फळीचं नाक खाली गेलं आणि मी पाण्यात. ती ही सुरुवातीची गटांगळी.

“मास्ट मऊ पडलो,” किनाऱ्यावर आल्या आल्या मी म्हटलं.

“बगलंय,” गौरांग म्हणाला.

बघितलं, म्हणे! ज्याच्या हातात दोरी तो बघणारच.

त्यानंतर रोज तेच. पहिल्या बोयाला कडक, दुसऱ्याला कडक, तिसऱ्याला पचका. टॅब्लेटवरची नोंद मी उघडून पाहिली. किनाऱ्यावरून एकही हुकूम गेल्याचं त्यात नव्हतं. पण नोंद पुसायला कितीसा वेळ लागतो? मी बारीक लक्ष ठेवायला लागले. मी जवळ गेले की तो टॅब्लेट उपडा ठेवतो. आधी असं कधी करत नसे. जेवताना गप्प असतो. मी पडले त्या दिवशी माझ्या ताटात तळलेला तुकडा जास्त वाढतो. माणूस उगाच एवढं प्रेम करतो का? कुठेतरी पाणी मुरत होतं.

एका संध्याकाळी फळ्या ठेवायच्या शेडमध्ये तो फोनवर बोलत होता. मी मागच्या बाजूने शीड वाळत घालायला गेले होते. त्याचा आवाज खाली होता, पण मला ऐकू आलं.

“नाही हो रेणुकाताई, तिला एवढ्यात काही सांगू नका. शर्यत होऊ दे.”

माझ्या हातातलं शीड तसंच राहिलं. आत जाऊन त्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण पुरावा नाही आणि तोंड उघडलं, तर तो सावध होणार. म्हणून मी शेडच्या दाराने गाणं गुणगुणत आत गेले आणि विचारलं, “कोणाचो फोन?”

“मुंबैचो. शिडाच्या कापडाचो,” तो म्हणाला.

लग्नानंतर त्याने मला सांगितलेलं पहिलं खोटं मी स्वतःच्या कानाने ऐकलं. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी शीड झटकत बसले. त्या दिवसापासून मला शर्यतीची काळजी राहिली नाही. शर्यत हरले असते तर पुढच्या वर्षी पुन्हा होतीच. पण ज्याने मला फळीवर चढवलं तोच खालून दांडा काढत असेल, तर मी घरात कोणाच्या भरवशावर झोपायचं?

मग मी सापळा लावला. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरताना टॅब्लेट त्याच्या हातातून काढून घेतला, जलरोधक पिशवीत घातला आणि पाठीवर बांधला.

“आज माझ्यावांगडा येवंदे,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्या बोयाला मास्ट मऊ पडला. म्हणजे फोनवरून करत असणार! पुढच्या फेरीला मी फोनही काढून घेतला. तरी मऊ. मग त्याच्या मनगटावरचं घड्याळ सोडवायला लागले, तेव्हा तो हसून म्हणाला, “चड्डी ठेवतंस मां?”

मी हसले नाही. घड्याळ घेतलं, गेले, आणि तिसऱ्या बोयाला पडले. आता मात्र माझं डोकं फिरलं. किनाऱ्यावर येऊन फळी त्याच्या पुढ्यात आदळली.

“तू चढ.”

“मी?”

“तूच. बघूया, तुका कसो साथ देता तो.”

पाय मोडल्यापासून तो फळीवर चढला नव्हता. डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती. त्याने स्वतःच घातली होती. बराच वेळ तो लाटांकडे बघत राहिला. मग माझ्या पाठीवरच्या पिशवीतून टॅब्लेट काढून माझ्या हातात दिला, शीड उचललं आणि लंगडत पाण्यात गेला.

आणि गेला तो कसा! दोन ठेचा खाल्ल्या, मग फळी अशी उचलली की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. लांब मास्टवर उंच, लाटांच्या डोक्यावरून. टॅब्लेटवर कडकपणाची रेघ सरळ, हलायला तयार नाही. माझा अंगठा पडद्यावरच्या हुकमाच्या पट्टीवर होता. ओढली असती तर त्याचा मास्ट भर वेगात मऊ पडला असता. ओढावी असं एक क्षण वाटलं, हे मी लपवत नाही. बघू तरी कसं वाटतं ते! पण अंगठा हलला नाही. तो तिसऱ्या बोयाला वळला आणि माझ्याकडे तोंड करून सुसाट आला. चेहऱ्यावर असा आनंद, की मला काळजात कळ आली आणि त्याच वेळी रागही. याच्याशी कसा इमानी वागतो मास्ट! आणि माझ्याशीच वैर?

मी रेणुकाला फोन केला. म्हटलं, तुमचा मास्ट दुतोंडी आहे, येऊन बघा.

ती दोन दिवसांनी आली. किडकिडीत बाई, केसांत वाळू गेली तरी पर्वा नाही. येऊन गौरांगकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्या नजरेतून सुटली नाही. मी तिला शेडमध्ये बसवलं, दोघांना समोरासमोर.

“यांच्याशी तुमचं काय बोलणं चाललंय, ते आधी सांगा,” मी म्हटलं. “आणि मला काय सांगायचं नव्हतं, तेही.”

रेणुकाने गौरांगकडे पाहिलं. गौरांगने मान हलवली, सांगा म्हणून.

तिने टॅब्लेट माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर दोन रेघा होत्या.

“ही वरची मास्टच्या कडकपणाची. ही खालची तुमच्या पायाच्या बोटांची. कुठली आधी हलते ते बघा.”

खालची रेघ आधी उसळत होती. मग वरची कोसळत होती. प्रत्येक फेरीत.

“माणूस पडायच्या आधी घाबरतो,” रेणुका म्हणाली, “आणि घाबरल्याचं त्याला कळायच्या आधी त्याची बोटं फळी पकडायला बघतात. वाशावर बसलेला पक्षी नखं आवळतो ना, तशी. आम्ही मास्टला शिकवलंय, बोटं आवळली की मऊ हो, सांभाळून घे. कोणाचा पाय पुन्हा तुटू नये म्हणून. तुमची बोटं तिसऱ्या बोयाला आवळतात. बाकी कुठेही नाही.”

“पण तिथे घाबरण्यासारखं आहे काय? पाणी खोल आहे. लाटही लहान.”

“मी पण तेच शोधत होते. तिसऱ्या बोयाला वेगळं काय आहे?”

उत्तर गौरांगने दिलं.

“थय वळल्यार मी दिसतंय,” तो म्हणाला.

बाहेर कोणाचा तरी पंप चालू होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर पायात होता. मी त्याचा टॅब्लेट काढला, फोन काढला, घड्याळ काढलं, आणि प्रत्येक वेळी मास्टला मऊ व्हायचा हुकूम माझ्याच पायाने दिला. कौलावर माझा विश्वास नव्हता. माझ्या पायाच्या बोटांचा होता. आणि रवळनाथाचं तरी काय चुकलं? घरातलंच कोणीतरी आड येत होतं.

“मास्टला भीती आणि संशय यांतला फरक कळत नाही,” रेणुका जरा ओशाळून म्हणाली. “बोटांनाही कळत नाही. आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं.” मग तिने आणखी एक रेघ उघडली. “आणि ही गौरांगची फेरी. सपाट आहे बघा. पाय मोडलेला माणूस, इतक्या वर्षांनी चढलेला, आणि टॅब्लेट तुमच्या हातात. तुम्ही काहीही करू शकला असतात. बोटं एकदाही आवळली नाहीत.”

माझा अंगठा मला आठवला. मान वर करायची लाज वाटली.

रेणुका चहाला आयेकडे गेली, तेव्हा मी त्याला विचारलं, “तुका कधी समाजला?”

“पयल्याच दिवशी. बोटांची रेघ माझ्याच समोर आसता.”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

“सांगलंय असतंय तर तू म्हटलं असतंस, छे रे, तसा काय नाय. ता खोटा माका ऐकूचा नव्हता.” तो शिडाची दोरी गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. “रेणुकाताईक इचारलंय, ह्या बंद करूक येता काय. नाय येणा. सुरक्षेचो नियम. बंद केलो तर मास्ट शर्यतीत चालणा नाय.”

“तुका माझो हेवो वाटता, असा माका वाटला.”

“वाटता. खोटा कित्याक बोलू? तू उडतंस तेवा माझो पाय जळता. पण हेवो वाटना येगळा नि पाय ओढना येगळा, चारू.”

मी त्याची माफी मागितली. रडले, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मला अगदी मनापासून वाटलं की आता सगळं धुऊन निघालं. दुसऱ्या दिवशी सराव केला. तिसऱ्या बोयाला वळताना मी स्वतःला बजावलं, तो तुझा माणूस आहे, तो तुझा माणूस आहे. बजावायला लागतंय म्हटल्यावर बोटांना काय कळायचं ते कळलं. मास्ट मऊ पडला. गौरांगने टॅब्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे हात हलवला आणि हसला. ते हसू बघण्यापेक्षा मी पुन्हा पडले असते तर बरं झालं असतं.

असला मास्ट कोणाच्या वैऱ्यालाही मिळू नये. जिभेने सांगितलेलं खोटं माणूस पचवतो, संसार त्यावरच तर चालतात. पायाच्या बोटांनी सांगितलेलं खरं कोण पचवणार?

आखूड जुना मास्ट लावावा असं मी म्हटलं. गौरांगने नाही म्हटलं. त्या लाटांत आखूड मास्टवर पहिल्या दोघींत येणं शक्यच नाही, हे मलाही ठाऊक होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने टॅब्लेट माझ्या पिशवीत घातला.

“शर्यतीची रेघ हेच्यातच येतली. ह्यो तुझ्याकडेच ठेव. माका काय्येक बघूचा नाय.”

“आणि तू?”

“मी येवचंय नाय. मी थय नसलंय तर बोटा कोणाक बघून आवळतली? टीवी पण लावचंय नाय. घराकडे रवतंय, बांगडे तळतंय. तू बिनघोर जा.”

इतका सोपा उपाय होता, की मला हसू आलं.

शर्यतीच्या दिवशी किनारा माणसांनी फुलला होता. माझ्यासमोर खरी प्रतिस्पर्धी एकच, गोव्याची शॅनेल. सुरुवात मी चांगली साधली. पहिल्या बोयाला मी पुढे. खाडीच्या तोंडाशी लाटा अशा उसळत होत्या, की आखूड मास्टवाल्या तिघी तिथेच आपटल्या. मी त्यांच्या डोक्यावरून जावं तशी गेले. गौरांगचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. मास्ट लोखंडासारखा उभा होता आणि मी पायाने विचार करावा आणि पंखाने वळावं असं चाललं होतं.

तिसऱ्या बोयाला वळले. समोर किनारा. गौरांगची नेहमीची जागा, मोडक्या होडीच्या शेजारची, मोकळी.

मोकळी असणारच, मी स्वतःला म्हटलं. तो येणार नाही म्हणाला होता.

पण खरंच घरी आहे का? इतक्या लोकांना शर्यत बघायची आहे, आणि ज्याने पुरुषांमध्ये ही शर्यत चार वेळा जिंकली त्याला बघायची नाही? बांगडे तळतोय? की पंचांच्या तंबूमागे उभा आहे? रेणुकाही सकाळपासून दिसली नाही. माझी नजर गर्दीतून त्याला शोधत फिरली, आणि माझ्या पायाची बोटं हळूहळू आवळली गेली.

मास्ट मऊ पडला.

या वेळी मी पडले नाही. रोज पडून पडून मला त्या मऊपणाची सवय झाली होती. फळी खाली आणली, शीड ढिलं सोडलं, पंखाचा थरकाप जिरू दिला. तेवढ्यात शॅनेल माझ्या बाजूने सरकन पुढे गेली. मी दुसरी आले. संघात निवड झाली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, कोणी तरी हार घातला, आणि मी गर्दीत माझ्या नवऱ्याला शोधत होते. तो नव्हता. तंबूमागे नव्हता, होडीमागे नव्हता. विचारावं तो म्हणाला, गौरांग आज फिरकलाच नाही गो.

घरी आले तर दारातच तळणाचा वास. तो चुलीशी उभा, खांद्यावर पंचा, हाताला हळद. टीव्ही बंद होता. आये मागे नारळ खवत होती.

“कितवी?” त्याने विचारलं.

“दुसरी.”

“आये, आमचा चेडू संघात इला गो!” तो इतक्या जोरात ओरडला की मागच्या पडवीतल्या कोंबड्या उडाल्या. आये हातातली खवणी टाकून देवापुढे साखर ठेवायला धावली. मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, “आणि मास्ट?”

खरं सांगायचं, असं मी वाटेत ठरवून आले होते. टॅब्लेट पाठीवरच्या पिशवीतच होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं तोंड वेगळंच बोललं.

“कडक होतो.”

“तिसऱ्या बोयाक?”

“तिसऱ्या बोयाक पण.”

त्याने डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला आणि त्याचा सगळा चेहरा सैल झाला. मी त्याला इतकं सुखी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि मला, देवाशपथ सांगते, संशय आला. एवढ्या सहज कोणी विश्वास ठेवतो का? याला आधीच कळलं असणार. रेणुकाने फोन केला असणार. हा मला जोखतोय.

मी पिशवीतून टॅब्लेट काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“बघतंस?”

त्याने टॅब्लेटकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, जरा नवलाने.

“कित्याक? तू सांगलंस मां,” तो म्हणाला, आणि तव्यावरचे बांगडे परतायला वळला.